उत्तर समजले नाही

ममताचा निरोप आला तेव्हा पुष्पाबाई आर्णी रोडवरच्या हातगाडीपाशी आंबट चुक्याची जुडी निवडत होत्या. फोनच्या पडद्यावर एका चिठ्ठीचा फोटो होता. दवाखान्यातल्या मशीनमधून निघते तशी, पंज्याएवढी, कडा गुंडाळलेली. वर पेशंटचं नाव, राखी बादल चव्हाण, मग एकाखाली एक प्रश्न आणि उत्तरं, आणि चौदाव्या ओळीत, 'मूल बंद करण्याच्या ऑपरेशनला संमती : हो'. खाली राखीची सही. कळा सोसताना केलेली असावी, शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं होतं. ममताने लिहिलं होतं, 'मॅडम, सिझरच्या वेळी हिचं ऑपरेशन करून टाकलं. ती म्हणते, मी नाही म्हटलं होतं. तुमच्या बोलीच्या फाइलीमुळे झालं असं इथे सगळे म्हणताहेत. उद्या येता का?' भाजीवाली म्हणाली, "घेता का ठेवता, बाई? केव्हाची एकच जुडी धरून राह्यल्या हातात." बाईंनी जुडी खाली ठेवली आणि भाजी न घेताच घरी आल्या. घरी आल्यावर चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. 'हो'च होतं. त्या फोटोकडे त्या अशा बघत होत्या, जसं एखाद्याने आपल्या अक्षराची नक्कल करून भलतंच काही लिहावं आणि आपल्यालाच विचारावं, हे तुमचंच ना?

अक्षर त्यांचं होतं, म्हणजे एका परीने होतं. चौदा वर्षांपूर्वी, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, महागावकडच्या एका संस्थेच्या दवाखान्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या तंत्रनिकेतनातल्या निवृत्त विभागप्रमुख सदाशिवरावांनी मिळून तो प्रोग्राम लिहिला होता. नर्सने पेशंटला प्रश्न विचारायचे, ऐकलेलं उत्तर टाइप करायचं, आणि मशीनने त्याचा हो-नाही असा अर्थ लावून चिठ्ठी छापायची. प्रोग्रामचं घर सी भाषेत बांधलेलं होतं आणि ते सदाशिवरावांचं होतं. प्रश्न पडद्यावर आणणं, उत्तरं साठवणं, छपाई, सगळं त्या घरात. पण कोणता प्रश्न कोणत्या बोलीत विचारायचा आणि आलेल्या शब्दाचा अर्थ काय धरायचा, हे तांड्यातांड्याला बदलणार. दर वेळी अख्खं घर पाडून नवं बांधायचं का? म्हणून बाईंनी त्या घरात एक पाहुणा आणून बसवला. एका लहानशा स्क्रिप्ट भाषेचा इंटरप्रिटर. दुभाषीच म्हणा. शब्दांच्या फाइली साध्या, कोणालाही बदलता येतील अशा. पाहुणा त्या वाचणार आणि घराला अर्थ सांगणार. घर आणि पाहुणा एकमेकांच्या हाताला हात लावत नाहीत. मध्ये एक उतरंड असते. घर तिच्यावर शब्द ठेवतं, पाहुणा तो उचलतो आणि त्याजागी अर्थ ठेवतो. अर्थ लागला नाही तर पाहुणा दोन गोष्टी करतो. घराला एक आकडा देतो, शून्य म्हणजे सुखरूप, दुसरं काही आलं म्हणजे घोटाळा. आणि उतरंडीवर, अर्थ ठेवायच्या जागी, काय अडलं ते लिहिलेला निरोप ठेवतो. घराने आधी आकडा बघायचा असतो. एवढंच. बाई हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून देत आणि खाली दोन रेघा ओढत.

"पाहुण्याला ओसरीवर बसवा, राठोड बाई," सदाशिवराव तेव्हा म्हणाले होते. "फाइल उघडणं, छपाई, यातलं काही त्याच्या हाती द्यायचं नाही. विचारलं तेवढं सांगायचं." ते बरोबरच होतं. बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्टला हात मोकळे सोडायचे नसतात, त्यांनी स्वतःही तेच केलं असतं. सदाशिवरावांचं बोलणं नेहमी बरोबर असे, हीच तर पंचाईत होती. सतरा वर्षं तंत्रनिकेतनात त्यांच्या हाताखाली काढली, एकदाही त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं बोट ठेवून दाखवता आलं नाही. बाई नोकरीला लागल्या त्या पहिल्या होळीला स्टाफरूममध्ये ते म्हणाले होते, "तुम्हा बंजाऱ्यांच्यात लेंगीची गाणी असतात म्हणे, म्हणा की एखादं." बाई तीस-एकतीसच्या होत्या, नवी इस्तरीची साडी, मान खाली. म्हटलं एक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा आला, जिलबी आली. गाण्यात काय आहे ते कोणी विचारलं नाही. गाण्यात एक बाई म्हणत होती की इतक्या लांबून आले, पाणी तरी विचारा. जिलबी खाता खाता बाईंना वाटलं होतं, बरं झालं नाही विचारलं, सांगावं लागलं असतं. पुढे कित्येक वर्षं त्यांना त्या 'बरं झालं'चाच राग येत राहिला.

रात्री झोप नव्हतीच. सकाळी सातच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर आर्णी येईपर्यंत डोळा लागला आणि त्यात याडी दिसली. याडी, म्हणजे त्यांची आई हंसाबाई, चाळीस वर्षं एकच विनोद सांगत आली. लग्नात, बारशात, तांड्यावर चार बाया जमल्या की कोणीतरी म्हणायचं, हंसा, ते दवाखान्याचं सांग ना. मग याडी ओढणी सावरून उभी राहायची आणि नर्सचा आवाज काढायची. दिवस भरलेली हंसा सरकारी दवाखान्यात एकटी गेली होती. नर्सने विचारलं, "बाई, सोबत कोणी आहे का?" याडी म्हणाली, "कोनी." बंजाऱ्यांच्या गोरबोलीत कोनी म्हणजे नाही. नर्स वऱ्हाडातली, तिच्या घरी ण नव्हताच, कोणी म्हणायचं तर तीही कोनीच म्हणायची. ती म्हणाली, "मग येऊ दे त्याले, सही लागते." याडी बाकावर बसली. नर्स पुन्हा आली, "आलं का कोनी?" याडी म्हणाली, "कोनी." "बरं, येऊ दे." तिसऱ्यांदा आली, "अजून कोनी?" याडी म्हणाली, "कोनी, कोनी!" नर्स म्हणाली, "अगंबाई, दोघं दोघं येऊन राह्यले का?" इथे सगळ्या हसून लोळायच्या. याडीसुद्धा. विनोद तिथेच संपायचा, नर्सच्या वाक्यावर. पुष्पा यवतमाळच्या वसतिगृहात होती, तिने तो सुट्टीत ऐकला आणि तीही हसली. कितीदा हसली असेल. याडी गेली त्या दिवशी मामीने सहज बोलता बोलता सांगितलं, त्या बाकाजवळच संध्याकाळी मुलगी झाली होती, रडलीच नाही. म्हणजे विनोदात एक जण नेहमी होतं आणि याडीने ते चाळीस वर्षं कोणाला दिसू दिलं नव्हतं. बाईंनी पाहुण्याच्या फाइलीत पहिला शब्द लिहिला तो हाच. कोनी, म्हणजे नाही. बाकी शब्द मागून. जगातल्या एका तरी मशीनला हा कळावा, असं काहीसं त्या वेळी मनात होतं. काहीसं कशाला, तेवढंच होतं.

दवाखान्यात ममता दाराशीच उभी होती. बाईंची विद्यार्थिनी, आता त्या संस्थेचं सगळं कॉम्प्युटरचं काम तिच्याकडे. वाकून नमस्कार केला, चहा मागवला, आणि नजर कुठे ठेवावी ते तिला कळेना. राखीच्या चौदाव्या प्रश्नाच्या वेळी जी नर्स होती तिला तिने बोलावलं. उर्वशी नाव, बत्तीसेक वर्षांची असेल, कळंबची. ती आली ती लढायच्या तयारीनेच.

"मॅडम, मी तं तिनं म्हटलं तेच लिवलं. कोनी म्हणे. मले मालूम हाय, तांड्यावरल्या बाया नाईले कोनी म्हणते. चार वर्सं झाले मले इथं."

"काय लिहिलंस ते दाखव."

उर्वशीने कीबोर्डवर बोटं फिरवली. पडद्यावर उमटलं : कोणी.

"ण," बाई म्हणाल्या.

उर्वशीने पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. "आता गं! हे कायले आलं इथं?" ती म्हणाली. आवाज एकदम उतरला. "मॅडम, शाळेत 'पानी' लिवलं का गुरुजी म्हणे, पानी डुकरं पेतेत, मानसं पाणी पेतेत. हातावर छडी. आता डोळे मिटून लिवलं तरी ण येते. कोनी असा शब्द माह्या बोटाईतून निंगतच नाई."

"मशीनने काही म्हटलं नाही? पुन्हा विचारा, असं काही?"

"काहीच नाई. पुढचा प्रश्न आला. मले वाटलं, समजलं त्याले."

बाईंना हसू आलं की काय, तोंडात कडू चव आली खरी. 'न' म्हणणाऱ्यांच्या पोरीला मारून मारून 'ण' शिकवला होता, आणि तो ण एवढा पक्का बसला होता की दुसऱ्याचं 'नाही' ऐकून, समजून, तिने ते शुद्ध करून लिहिलं होतं. आणि मग दुसरं आठवलं, ते आठवायला नको होतं. पहिल्या प्रशिक्षणाच्या दिवशी मागच्या बाकावरून एका नर्सने विचारलं होतं, मॅडम, यादीत ण वाला कोणी बी टाकून ठेवायचा का, चुकून लिवलं तं? आणि बाई तडकल्या होत्या. "आमचा शब्द आमच्यासारखाच लिहायचा. तेवढं तरी शिका." सगळा वर्ग चूप झाला होता. त्या चूप होण्याचं त्यांना सुख झालं होतं. जन्मभर त्यांचा शब्द कोणी ना कोणी दुरुस्त करत आलं होतं, त्या एका खोलीत पहिल्यांदा त्या दुरुस्त करत होत्या. यादीत एक ओळ वाढवायची होती. ती त्यांनी वाढवली नाही.

पण यादीत नसलेल्या शब्दासाठीच तर पाहुण्याचा तो निरोप होता. ण वाला शब्द यादीत नाही, म्हणून पाहुण्याने आकडा दिलाच असणार आणि उतरंडीवर निरोपही ठेवलाच असणार, 'उत्तर समजले नाही, पुन्हा विचारा'. बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाक्य होतं ते. मग ते गेलं कुठे? त्या म्हणाल्या, "ममता, सरांचा भाग उघड." ममताने उघडला. सदाशिवरावांचं सी म्हणजे देखणं, प्रत्येक कंस आपल्या जागी, फौजेसारखं. बाई ओळ ओळ खाली येत गेल्या आणि जिथे घर पाहुण्याला हाक मारतं तिथे थांबल्या. हाक मारली होती. पाहुण्याने दिलेला आकडा कशातच धरून ठेवलेला नव्हता. दिला आणि हवेत गेला. त्याच्या खालच्या ओळीत घर उतरंडीच्या टोकावरची वस्तू उचलत होतं आणि एकच गोष्ट तपासत होतं, हे 'नाही' आहे का? स्पष्ट 'नाही' असेल किंवा काहीच नसेल, तरच नाही. बाकी जे काही असेल ते हो. टोकावर तर निरोप होता. मजकूर काय आहे हे घराला बघायचंच नव्हतं. काहीतरी आहे, म्हणजे हो.

'मला समजलं नाही' असं पाहुणा म्हणाला होता, आणि घराने ते 'हो' म्हणून लिहून घेतलं होतं.

ममताने ती ओळ पुन्हा वाचली. तिला शिकवलेलंच होतं, कळायला वेळ लागला नाही. "मॅडम, चौदा वर्षं?"

"चौदा वर्षं. असे किती असतील ते काढता येईल का?"

"नाही ना. समजलेलं हो आणि न समजलेलं हो, दोन्ही एकाच खणात पडलेत. वेगळं कसं करणार? बाकीच्या कोणी तक्रारच केली नाही."

बाकीच्या. बाईंना कोण जाणे कुठकुठल्या बाया दिसायला लागल्या, चिठ्ठी मुठीत धरून बसची वाट बघणाऱ्या. कोणाला ॲलर्जीचं विचारलं असेल, कोणाला आधीच्या बाळंतपणाचं. घरी गेल्यावर त्यांनी काय केलं असेल? काही नाही. दवाखान्याने लिहिलंय म्हणजे आपणच तसं म्हटलं असेल, असं त्यांना वाटलं असेल. तांड्यावर आपल्या बोलण्यावर विश्वास कमी आणि छापलेल्यावर जास्त, हे त्यांना काय कोणी सांगायला पाहिजे होतं?

सदाशिवराव नागपूरला मुलाकडे असतात, एक्याऐंशीचे. फोन त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे त्यांना कळलेलं होतं.

"राठोड बाई, मी ऐकलं. वाईट झालं. पण एक लक्षात घ्या, माझा प्रोग्राम चौदा वर्षांत एकदाही थांबला नाही."

"थांबायला पाहिजे होता, सर."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"तो आकडा मी मुद्दाम सोडला होता," ते म्हणाले. "तुमच्या त्या फाइलीत कोण काय लिहील याचा नेम नव्हता. त्यासाठी रांगेतले पेशंट ताटकळत ठेवायचे का?"

"ताटकळले असते सर. ताटकळायची सवय आहे त्यांना."

"बरं, मग मला एक सांगा." आवाज तोच, तासाच्या शेवटी विद्यार्थ्याला उभं करणारा. "ण चालेल का असं कोणी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं? मी मागे बसलो होतो त्या दिवशी."

बाईंनी फोन ठेवला. या वेळीही त्यांचं बरोबर होतं.

ममताने अहवाल तयारच ठेवला होता. छापलेला, सहीच्या जागेवर पेन्सिलीने फुली. 'बोलीभाषेच्या शब्दसूचीतील त्रुटीमुळे चुकीची नोंद झाली. सदर सुविधा काढून टाकण्यात येत असून यापुढे प्रश्नोत्तरे फक्त प्रमाण मराठीत होतील.' बाईंनी तो दोनदा वाचला. सदाशिवरावांच्या ओळीबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

"त्यांची ओळ दुरुस्त कर," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाचं काम आहे. आणि माझ्या यादीत ण वाला शब्द टाक. दोन्ही लिही अहवालात. मग मी सही करते."

"मॅडम, सरांच्या भागाला हात लावला की सगळी तपासणी पहिल्यापासून. सहा-आठ महिने मशीन बंद. तुमचा भाग काढायला एक ओळ पुरते." ममता बोटातली अंगठी फिरवत राहिली. "तुम्हीच शिकवलं होतं ना, इंटरप्रिटर असा बसवायचा की घराला धक्का न लावता काढता आला पाहिजे."

हे त्यांनी शिकवलं होतं. पोरं वहीत उतरवून घेत असत. पाहुणा नीट बसवला याची खूण काय, तर तो उठून गेल्यावर जागा मोकळी दिसू नये. किती अभिमानाने सांगत असत त्या ते. त्यांनी ममताकडून कोरा कागद मागून घेतला आणि हाताने लिहायला सुरुवात केली. घराने आकडा पाहिला नाही, ही एक चूक. ण वाला शब्द मी यादीत घेतला नाही, एका नर्सने विचारलं असताना हट्टाने घेतला नाही, ही दुसरी. या दोन्हीशिवाय हे घडलं नसतं. राखी चव्हाण यांनी नाही म्हटलं होतं. 'हट्टाने' हा शब्द खोडावासा वाटला, खोडला नाही. सही केली, तारीख घातली. छापलेल्या अहवालावर सही केली नाही. ममताने कागद वाचला, घडी न घालता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्यात मागे सरकवला आणि म्हणाली, "सोबत जोडते, मॅडम." ते जोडणं म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत होतं. सरकारी नोकरीत बाईंनी असे कितीतरी कागद मागे जोडलेले पाहिले होते.

दुपारी राखी आली. तिला ममतानेच बोलावलं होतं, समजावून सांगायला. चोवीस-पंचवीसची, सडपातळ, खांद्यावर दीड महिन्याची मुलगी. दुसरीही मुलगीच, ते कपाळावर लिहिल्यासारखं दिसत होतं. नवरा बादल बाहेर मोटारसायकलजवळ उभा राहिला, आत यायला तयार नव्हता. राखीने बाईंकडे पाहिलं आणि बांगड्यांवरून, की नाकावरून, की नुसत्या बसण्यावरून ओळखलं, ही आपल्यातली. "याडी," ती म्हणाली आणि पुढचं सगळं गोरबोलीत. "तूच केलंस का हे मशीन? माझा नवरा म्हणतो, तूच हो म्हणाली असशील, कळांत भान राहिलं नसेल. सासू म्हणते, मशीन कशाला खोटं बोलेल? दीड महिन्यापासून मी स्वतःलाच विचारते, मी म्हटलं तरी काय होतं? मला एवढं सांग, मी काय म्हणाले होते?"

ममताला एक शब्द कळला नाही. ती हळूच म्हणाली, "मॅडम, त्यांना सांगा, मशीनमध्ये तांत्रिक अडचण आली होती. संस्थेला वाईट वाटतं म्हणून."

पुष्पाबाईंनी तिचं भाषांतर केलं नाही. त्या राखीला म्हणाल्या, "तू नाही म्हणालीस. नीट म्हणालीस. नर्सने नीट ऐकलं. लिहिताना आम्ही हो लिहिलं. एक चूक दुसऱ्याची आहे, एक माझी."

"मशीनची नाही?"

"नाही. मशीन म्हणत होतं, मला समजलं नाही."

बाहेरून बादलने हॉर्न वाजवला, राखीने मागे वळून पाहिलंही नाही. दीड महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला तिचं बोलणं परत दिलं होतं. ते घेऊन करायचं काय, ते तिलाच उमगत नसावं. मग तिने हात लांब करून टेबलावरच्या मशीनकडे बोट केलं.

"मग आता नाही लिहा."

"काय म्हणतात त्या?" ममताने विचारलं.

बाईंनी सांगितलं.

"ते नाही हो करता येत." ममताने घाबरून मशीनवर हात ठेवला, जणू कोणी आत्ताच काही लिहिणार होतं. "चिठ्ठी छापली की नोंद बंद होते. मग ती कोणालाच उघडता येत नाही. सरांनी ती तशीच केलीये, मागाहून कोणी खाडाखोड करू नये म्हणून. आणि मॅडम, आता लिहून तरी..." तिने वाक्य अर्धं सोडलं. "समजावून सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

सांगायला त्यांच्याशिवाय त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पुष्पाबाई शब्द शोधू लागल्या. नोंदीला गोरबोलीत शब्द सापडला नाही, त्या लिहिलेलं म्हणाल्या. पुढचं सोपं होतं. बंद हा शब्द तिकडेही बंदच होता. कूस बंद केली म्हणायला राखीच्या सासूने जो वापरला असेल तोच. जे लिहिलं ते बंद झालंय, त्या म्हणाल्या. आता ते कोणालाच उघडता येत नाही. एकही शब्द त्यांनी वाढवला नाही, गाळला नाही, कुठे मऊ केला नाही.

राखीने लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग ती ममताकडे बघून मराठीत म्हणाली, "समजलं."